‘पैशाचं तू बघू नकोस’ हे आधी मागे घ्या

पत्र: आमची मुलगी बारावीला आहे, जन्म इथलाच, अमेरिकेतला. चार छोट्या खासगी कॉलेजांत तिला प्रवेश मिळालाय. प्रत्येकात दीड ते अडीच हजार मुलं. तिला जीवशास्त्र करायचंय, जमलं तर सोबत संख्याशास्त्र. ह्यांचं म्हणणं, ही नावं आपल्यात कुणी ऐकलेली नाहीत, आपल्या राज्याचं सरकारी विद्यापीठ रटगर्स काय वाईट आहे? मुलगी रोज रात्री तक्ता उघडून बसते आणि रोज तिचा पहिला नंबर बदलतो. मी काही विचारलं की ‘आई, प्लीज’ म्हणते आणि दार लावून घेते. आम्ही तिला सांगितलंय, पैशाचं तू बघू नकोस, तू फक्त कॉलेज निवड. तरी तिचं ठरत नाही. कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख, एक मे, तोंडावर आलीय. चौघांतलं चांगलं कसं ओळखायचं? आणि महाराष्ट्र मंडळात भेटेल तो विचारतो ‘कुठे चालली?’, त्यांना काय सांगू?
— एक आई, न्यू जर्सी

नमस्कार,

तुमच्या पत्रात मी एका वाक्यापाशी अडले. ‘पैशाचं तू बघू नकोस.’ हे आपण मायेनं म्हणतो. आपल्या आईवडिलांनी आपल्याला हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खपूनही गेलं. इथे खपत नाही. खासगी कॉलेजात शिक्षण, राहणं, जेवण धरून वर्षाचा छापील आकडा बऱ्याच ठिकाणी ऐंशी हजार डॉलरच्या पुढे गेलाय, आणि आर्थिक मदतीची पत्रं तिच्या ईमेलवर येतात, तुमच्या नाही. तिनं ती वाचलेली आहेत. म्हणजे तिला खर्च माहीत आहे, फक्त तुमची ऐपत माहीत नाही. माझा अंदाज असा की ती रोज रात्री कॉलेजांची तुलना करतच नाही, आईबाबांना किती झेपेल याचा अदमास घेत बसते. अदमास बदलला की पहिला नंबर बदलतो. सतरा वर्षांच्या मुलीनं यात दार लावून घेतलं तर मला त्यात नवल वाटत नाही.

तेव्हा आधी तुम्ही दोघं बसा आणि एक आकडा काढा. निवृत्तीच्या पैशाला हात न लावता दर वर्षी किती देता येतील? ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, जमलेले त्यात किती? धाकटं भावंड असेल तर त्याचे बाजूला काढून? मग तिच्या नावावर किती कर्ज चालेल तेही ठरवा. सरकारी विद्यार्थी कर्जाला मुळातच मर्यादा आहे: पालकांवर अवलंबून असलेल्या मुलांना पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन्ही वर्षं ७,५०० डॉलर. चार वर्षांचे मिळून २७,०००. तिच्या डोक्यावर याहून जास्त नको, हा नियम मला तरी शहाणपणाचा वाटतो. पालकांच्या नावे मिळणारं ‘पॅरेंट प्लस’ कर्ज पूर्वी जवळजवळ पूर्ण खर्चाइतकं काढता येई. आता १ जुलै २०२६ पासून नव्यानं घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर अशी हद्द आहे. ही कर्जाची हद्द आहे, तुमच्या ऐपतीची नव्हे. पत्रात ते कर्ज ‘मदत’ म्हणून छापलेलं असलं तर तिथे काट मारा.

(कंसात एक गोष्ट, कारण अशी पत्रंही येतात. तुमची मुलगी नागरिक असल्यानं तिला फॅफ्सा हा अर्ज भरून सरकारी मदत मागता येते. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांना ती मिळत नाही. त्यांना कॉलेजनं स्वतःच्या खिशातून काय दिलं एवढ्यावरच सगळं अवलंबून असतं, आणि त्यांचं गणित निराळं मांडावं लागतं.)

आकडा निघाला की तो तिला सांगा. गोल गोल नको, ‘बघू गं’ नको. ‘वर्षाला इतके. त्याच्या आत जे बसेल ते तू निवडायचं आणि आम्ही त्यावर बोलणार नाही.’ यातला दुसरा भाग तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे.

आता ती चार पत्रं. प्रत्येक कॉलेज आपलं पत्र आपल्याला सोयीच्या पद्धतीनं लिहितं, म्हणून एकही पत्र दुसऱ्याशेजारी तसंच ठेवून वाचता येत नाही. पूर्ण खर्चातून फक्त अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा करा, म्हणजे जे परत करायचं नाही तेवढंच. कर्ज वजा करायचं नाही. वर्क-स्टडीही नाही, कारण ते पैसे तिला काम केल्यावर पगारासारखे मिळतील, बिलातून कमी होणार नाहीत. आणि एका वर्षावर थांबू नका. समजा एका कॉलेजचा पूर्ण खर्च ६८,००० आहे आणि शिष्यवृत्ती ३०,०००. तुम्ही भरायचे ३८,०००, चार वर्षांचे १,५२,०००, असं वाटतं. पण शिष्यवृत्तीचा आकडा सहसा तिथेच राहतो आणि फी चढते. वर्षाला चार टक्के चढली तर शेवटच्या वर्षी तुम्ही साधारण ४६,५०० भरत असाल, आणि चार वर्षांची बेरीज १,६८,७६० होईल. जवळजवळ सतरा हजारांचा फरक, आणि तो पत्रात कुठेच लिहिलेला नसतो. शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, लागतो तेही विचारा. जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षी, रसायनशास्त्र सोबतीला असताना, ३.३ ची अट आणि ३.० ची अट यांत मोठं अंतर आहे.

तिच्या मनातल्या कॉलेजचा हिशेब थोडक्यात चुकत असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लिहा. आपल्या लोकांना हे हात पसरल्यासारखं वाटतं, तसं ते नाही. २००७ साली अमेरिकेत ४३ लाखांहून जास्त बाळं जन्मली, तो तोवरचा उच्चांक होता. मंदी आली आणि नंतर जन्म घटत गेले. ती बाळं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे यापुढे दर वर्षी कॉलेजांच्या दारात येणारी मुलं कमी होत जाणार. छोट्या खासगी कॉलेजांना हे कळून चुकलंय. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती सरासरी निम्म्याहून जास्त ट्यूशन सोडून देतात, म्हणजे छापील फी पूर्ण भरणारा तिथे अपवादच. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून, किंवा उत्पन्नात काही फरक पडला असेल तर त्याचा कागद जोडून, चार ओळींचा नम्र ईमेल पाठवला तर त्यात कुणाचा अपमान होत नाही. उत्तर नकारार्थी आलं तरी दिलेलं कुणी काढून घेत नाही.

त्याच घटत्या मुलांची दुसरी बाजू तुमच्या यजमानांच्या शंकेशी जुळते. नाव कुणी ऐकलं नाही ही तक्रार मी बाजूला ठेवते. पण छोटी कॉलेजं बंद पडतात, हे खरं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्स कॉलेजनं, ते १८६८ सालचं, २९ एप्रिल २०२४ ला जाहीर केलं की सेमिस्टर संपलं की आम्ही बंद. एक मेच्या दोन दिवस आधी. तुमच्या शेजारच्या फिलाडेल्फियात युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सनं ३१ मे २०२४ ला बातमी दिली आणि ७ जूनला दारं लावली. मॅसॅच्युसेट्समधलं माउंट आयडा २०१८ च्या वसंतात असंच अचानक गेलं. त्यानंतर त्या राज्यानं खासगी कॉलेजांच्या आर्थिक प्रकृतीवर नजर ठेवणारा कायदा २०१९ मध्ये केला. चार वर्षांचा करार आपण ज्याच्याशी करतोय तो चार वर्षं टिकेल का, हा प्रश्न म्हणूनच वावगा नाही.

हे काम यजमानांवर सोपवा. ना-नफा कॉलेजं दर वर्षी कर खात्याला फॉर्म ९९० भरतात आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. मागच्या पाच वर्षांचे काढून जमा आणि खर्च एका ओळीत मांडायचे. एखाद्या वर्षाच्या तुटीनं घाबरायचं कारण नाही, महासाथीच्या काळात ती बऱ्याच जणांना आली. सलग तूट दिसली, त्याच काळात मुलांची संख्या घटलेली दिसली, आणि एन्डाउमेंट, म्हणजे कॉलेजची गंगाजळी, हीही आधार देण्याइतकी नसली, तर मात्र ते कॉलेज यादीतून काढायला मी कचरणार नाही, मग कॅम्पस कितीही देखणा असो. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कॉलेजला ताकीद किंवा प्रोबेशन आहे का, तेही दोन मिनिटांत दिसतं. चारही कॉलेजं या चाळणीतून निघाली तर ‘छोटं म्हणजे कच्चं’ हा मुद्दा त्यांनी सोडून द्यायचा, असं आधीच कबूल करून घ्या.

नावाचंच म्हणाल तर, इंटेलच्या संस्थापकांपैकी एक रॉबर्ट नॉइस आणि १९८९ चे रसायनशास्त्रातले नोबेल मानकरी थॉमस चेक, दोघं आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या ग्रिनेल कॉलेजचे. जेनिफर डाउडना, जनुकं बदलण्याच्या क्रिस्पर तंत्रासाठी २०२० चं नोबेल, पोमोना कॉलेजची. विज्ञानात पीएचडीपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण एकूण पदवीधरांच्या तुलनेत मोजलं तर रीड, स्वार्थमोर, कार्लटन अशी छोटी कॉलेजं मोठमोठ्या विद्यापीठांच्या पुढे असतात. मंडळात ही नावं ऐकलेली नसतील. पदव्युत्तर प्रवेश देणाऱ्या प्राध्यापकांनी ऐकलेली असतात.

पण याचा अर्थ रटगर्स उडवून लावा असा नाही. तक्त्यात पाचवी ओळ रटगर्सची घाला, राज्यातल्या रहिवाशांच्या फीसकट. मग प्रत्येक छोट्या कॉलेजला एकच प्रश्न: रटगर्सपेक्षा जे जास्त मोजणार, त्याचं काय मिळतंय? याचं चांगलं उत्तर असू शकतं. छोट्या कॉलेजात सहसा पीएचडीचे विद्यार्थी नसतात, म्हणून प्रयोगशाळेत प्राध्यापकाच्या हाताशी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं लागतात. शिफारसपत्र लिहिणारा तुमच्या मुलीला चेहऱ्यानं ओळखतो, तिचा कुठला प्रयोग फसला आणि तिनं तो पुन्हा कसा उभा केला ते त्याला सांगता येतं. एवढं खरोखर मिळत असेल तर जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. हिरवळ आणि विटांच्या इमारतींसाठी नाही.

आणि ते मिळतं का, हे कॉलेजच्या पातळीवर कळत नाही, विभागात शिरावं लागतं. मला विचाराल तर सगळी मेहनत इथे घालावी. दोन हजार मुलांच्या कॉलेजात जीवशास्त्राचे कायम प्राध्यापक मोजकेच असतात. म्हणजे एकेक शाखा एकेकाच्या खांद्यावर. जनुकशास्त्र शिकवणाऱ्या बाई वर्षभर सबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासरजेवर, गेल्या की ते वर्ष जनुकशास्त्र नाही, किंवा कुणीतरी वर्षापुरता माणूस येऊन शिकवून जातो. कॅटलॉगमध्ये तीस विषय लिहिलेले असतात, प्रत्यक्षात किती शिकवले गेले हे मागच्या चार सेमिस्टरांचं वेळापत्रक काढून मोजायचं. रजिस्ट्रारच्या पानावर ते बहुतेक वेळा उघडं असतं. संख्याशास्त्राची स्थिती याहून नाजूक. छोट्या कॉलेजात ते बहुधा गणित विभागात असतं आणि शिकवणारे एक किंवा दोन. तिला ते मनापासून हवं असेल तर चारातली एक-दोन कॉलेजं इथेच गळतील. कॉलेज शेजारच्यांशी जोडलेलं असेल, जसं ब्रिन मॉर, हॅव्हरफर्ड आणि स्वार्थमोर, किंवा मॅसॅच्युसेट्समधली पाच, किंवा कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटची, तर कमतरता भरून निघते. तिथेही बस किती वेळानं आहे आणि तासांच्या वेळा जुळतात का, हे तिथल्या मुलांनाच विचारावं.

सरकारच्या कॉलेज नेव्हिगेटर या संकेतस्थळावर प्रत्येक विषयात वर्षाला किती पदव्या दिल्या ते मिळतं. जीवशास्त्रात वर्षाला आठ मुलं बाहेर पडतात की साठ, यावर त्या विभागाचा जीव कळतो. आठ असतील तर प्रयोगशाळेत जागा भरपूर, पण विभाग कधी छाटला जाईल याची खात्री नाही. साठ असतील आणि प्राध्यापक सहाच, तर ‘प्रत्येकाला संशोधन’ ही जाहिरात जरा दमानं घ्या. तिथेच पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत येतात आणि चार वर्षांत किती पदवी घेतात तेही पाहा. सहा वर्षांचा आकडा मोठा दिसतो म्हणून पुढे केला जातो. पाचव्या वर्षाची फी भरणार तुम्ही, म्हणून चार वर्षांचाच धरा. कॉमन डेटा सेट हा कॉलेजं एकाच ठरावीक नमुन्यात भरतात तो माहितीचा तक्ता; वर्गात किती मुलं असतात हे त्याच्या ‘आय’ विभागात असतं, आणि गरजेच्या किती टक्के मदत कॉलेज देतं ते ‘एच’ विभागात. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधलं की बहुतेकांचं सापडतं.

विभागप्रमुखांना ईमेल करायचा. तिनं, तुम्ही नाही. मागच्या उन्हाळ्यात किती मुलांनी पगार घेऊन संशोधन केलं, शेवटच्या वर्षाचे प्रबंध कशावर होते, आणि मागच्या दोन बॅच कुठे गेल्या. एवढे तीन प्रश्न पुरेत. दोन दिवसांत प्राध्यापकाचं स्वतःचं उत्तर येतं की आठवड्यानं प्रवेश कार्यालयाचा छापील मजकूर येतो, यावरून तिला बरंच समजेल.

जीवशास्त्र म्हटलं की आपल्या घरांत कुणीतरी डॉक्टरकीचा विषय काढतंच, म्हणून हेही सांगून ठेवते. ‘आमची नव्वद टक्के मुलं मेडिकलला जातात’ असं एखादं कॉलेज म्हणालं तर विचारा, कशाच्या नव्वद टक्के? काही ठिकाणी मेडिकलच्या अर्जासाठी लागणारं कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र निवडक मुलांनाच मिळतं, बाकीच्यांना अर्ज करण्यापासूनच परावृत्त केलं जातं. मग उरलेल्यांचं प्रमाण चांगलंच दिसणार. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून, म्हणजे पुढे मेडिकलला जायचं ठरवून, किती आले आणि शेवटी किती गेले, हा खरा प्रश्न. त्याला उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजा.

भेटीबद्दल फार लिहीत नाही. जायचंच असेल तर सजवलेल्या ‘अॅडमिटेड स्टुडंट्स डे’ला जाण्यापेक्षा साध्या मंगळवार-बुधवारी जा, तिला एका तासाला बसू द्या, आणि तुम्ही दोघं तेवढा वेळ वाचनालयात बसा. टूर दाखवणाऱ्या मुलाला बहुधा पगार मिळतो, हे विसरू नका.

तिच्या तक्त्याचं काय करायचं? पहिला कोण, हे विचारणं बंद करा. आकडा कळला, विभागांची माहिती आली, की तिला म्हणा, ‘यातलं एक खोड.’ कुठे जायचं नाही, हे मुलांना लवकर कळतं. चाराची दोन झाली की बहुधा भांडण उरत नाही, आणि उरलं तर दोन्ही चांगली आहेत म्हणून उरतं. त्या वेळी तिनं कुठल्याही कारणानं निवडलं तरी चालेल. डॉर्मच्या खोलीला खिडकी मोठी आहे म्हणून निवडलं तरीही.

दाराबद्दल. रोज विचारू नका. रविवारी सकाळी अर्धा तास ठरवा, त्याच वेळी हा विषय, इतर वेळी नाही. आणि एक नियम ठाऊक असू द्या. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या नोंदींवरचा हक्क फर्पा कायद्यानं त्याच्याकडे जातो, मग वय अठरा नसलं तरी. फी तुम्ही भरत असलात तरी तिचे गुण कॉलेज तुम्हाला सहसा फोनवर सांगणार नाही. ऑगस्टपासून तिच्याबद्दलची जवळजवळ सगळी माहिती तुम्हाला तिच्याकडूनच मिळणार आहे. एप्रिलमध्ये ती किती बोलते हे म्हणूनच महत्त्वाचं.

प्रवेश पक्का करण्याचं डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा. दोन ठिकाणी भरून मे महिना काढणारे पालक आपल्यातही आहेत. बहुतेक कॉलेजांना ते मान्य नसतं, आणि उघड झालं तर दोन्हीकडचा प्रवेश धोक्यात येतो. ते पैसे सहसा परतही मिळत नाहीत. भरून झालं की उरलेल्या कॉलेजांना त्याच दिवशी नकार कळवा. तिच्या नकाराची वाट पाहणारं कुणीतरी प्रतीक्षा यादीत बसलेलं असतं.

राहिला मंडळाचा प्रश्न. ठरेपर्यंत ‘अजून ठरतंय’ म्हणा आणि पुढच्या माणसाला बटाटेवडा द्या. ठरलं की कॉलेजचं नाव सांगा, ते कुठल्या राज्यात आहे ते सांगा. ‘हे कुठलं ऐकलं नाही बाई’ असं कुणी म्हणालंच, तर यजमानांकडे बोट दाखवा. पाच वर्षांचे फॉर्म ९९० वाचलेला तिथे तो एकटाच माणूस असेल आणि त्याला ते कुणालातरी सांगायचंच असेल.